बायकांच्या चपलांच्या दुकानात एक पुरुष गिऱ्हाईक: बडोद्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण त्या गृहस्थांना विचारून लिहिलं आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. बाकी जसं घडलं तसंच. आमचं दुकान मांडवीच्या बाजूला, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, फक्त लेडीज आणि मुलांच्या चपला-बुटांचं. पुरुष आमच्याकडे रोज येतात. बायको आत निवडत असते आणि नवरा बाहेर स्कूटरवर बसून फोन बघतो. सुजलेल्या पायांच्या आईसाठी मुलगा चप्पल न्यायला येतो आणि दारातच अडखळतो. शाळेचे काळे बूट घ्यायला मुलीबरोबर आलेला बाप हिशेब सोडून कशाकडेच बघत नाही. संकोच या सगळ्यांना असतो, पण त्याच्यामुळे खरेदी अडत नाही. या गृहस्थांची खरेदी मात्र कित्येक वर्षं अडली होती, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

पितृपक्षात आमच्या बाजारात शुकशुकाट असतो. श्राद्धाच्या दिवसांत नवी वस्तू कोणी घेत नाही आणि सगळे नवरात्राची वाट बघत असतात. माल तेवढा येऊन पडलेला असतो, पोरं माळ्यावर खोकी लावत असतात. अशा एका दुपारी ते आले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट. आत दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून मगच त्यांनी हेल्मेट काढलं.

आमच्या पोराने सवयीप्रमाणे विचारलं, "कोना माटे, भाई?" म्हणजे कोणासाठी.

"वाइफ माटे."

नंबर सात. रंग काळा. हील दोनेक इंच. पोराने खोकी उघडून समोर मांडली. त्यांनी एकही सँडल हातात घेऊन नीट पाहिली नाही. किंमत बघायची, खाली ठेवायची, दाराकडे बघायचं. पोरगा आणखी खोकी काढायला लागला तसे ते पटकन म्हणाले, "असू दे, असू दे." तेवढ्यावरून ते मराठी आहेत हे कळलं. मी काउंटरवरून मराठीत बोलले आणि त्यांचा चेहरा पडला.

तो का पडला हे बडोद्याच्या मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. दांडिया बाजार, रावपुरा, त्या आसपासच्या गल्ल्या, गणपतीची मंडळं, लग्नकार्यं. आडनाव विचारलं आणि माहेर विचारलं की दोन मिनिटांत कुठलं तरी नातं निघतं. एरवी या गोष्टीचा आधार वाटतो. त्या दिवशी त्यांना तीच भीती होती. म्हणून मी आडनाव विचारलं नाही आणि कुठे राहता हेही विचारलं नाही.

त्यांच्या पायांकडे मात्र माझं लक्ष गेलं होतं. पायात मागून उघडी अशी साधी चप्पल होती. दोन्ही टाचांच्या वर, अगदी एकाच उंचीवर, बारीक पट्टा घासून आलेला लाल वळ होता. डाव्या करंगळीची कड सोललेली होती. पुरुषांच्या चपलेचा पट्टा इतका बारीक नसतो आणि तो त्या जागी बसतही नाही. सँडल कोणासाठी हवी आहे ते मला कळलं. ते बोलून दाखवण्याची गरज नव्हती. त्यांनी बायकोचं नाव पुढे केलं होतं, ते तसंच राहू द्यायचं मी ठरवलं. अडचण इतकीच होती की त्या उत्तराच्या जोरावर सँडल नीट बसणं शक्य नव्हतं.

मी म्हटलं, "एक करा दादा. ज्यांच्यासाठी घ्यायचंय त्यांना संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभं करा. पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पायांभोवती रेघ काढा. तो कागद घेऊन या. माणूस बरोबर नसला तरी चालतं."

संध्याकाळी यासाठी की दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात. सकाळच्या मापाची सँडल रात्री चावते. उभं यासाठी की अंगाचा भार आला की पंजा पसरतो आणि पाय लांबीलाही किंचित वाढतो. दोन्ही पाय यासाठी की ते सहसा सारखे नसतात आणि सँडल मोठ्या पायाच्या मापाने घ्यायची असते. त्यांनी हे सगळं मान खाली घालून, पण फार लक्ष देऊन ऐकलं. बायकोसाठी घेणारा नवरा इतकं लक्ष देऊन ऐकत नाही, हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे.

आधी काय काय झालं होतं

हे त्यांनी पुढे हळूहळू सांगितलं. ऑफिसच्या बुटाचा त्यांचा नंबर सात. म्हणून बायकांच्या सँडलचाही सातच मागायचा, असं ते वर्षानुवर्षं करत आले होते. दुकानात शिरायचं, "वाइफसाठी" म्हणायचं, पहिला दिसेल तो जोड उचलायचा, पैसे द्यायचे आणि निघायचं. घरी गेल्यावर सँडल तोकडी पडायची. परत करायला गेले की दुकानदार म्हणायचा, "बेनने लईने आवजो, बराबर माप लई लईए." तिथेच गाडी अडायची. पत्नीला घेऊन जाणार कसे? पत्नीचा नंबर पाच. कपाटावर अशी न घातलेली, महागाची खोकी साठली होती.

ऑनलाइनही करून झालं. तिथे विचारणारं कोणी नसतं, मोठे नंबरही जास्त मिळतात, आणि ज्याला दुकानाची पायरी चढवतच नाही त्याच्यासाठी तो मार्ग चांगलाच आहे. पण घर एकत्र कुटुंबाचं. पार्सल आईने घेतलं आणि भाजीची पिशवी रिकामी करावी तितक्या सहजपणे फोडलं. "सुनेचा पाय एवढा कधी झाला?" असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून ऑनलाइन बंद.

पत्नीला लग्नानंतर थोड्याच काळात सगळं माहीत झालं होतं. त्या स्वतः दुकानात जायला तयार होत्या, एकदोनदा गेल्याही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रंग मी निवडीन, भाव मी करीन, पण पाय यांचा, तो मी कुठून आणू?

म्हणजे लाज ही एकच अडचण नव्हती. लाजेमुळे घालून बघता येत नव्हतं, घालून न बघितल्यामुळे माप चुकत होतं, चुकलं की परत करता येत नव्हतं, आणि पैसे वाया गेले की आपलंच काहीतरी चुकतंय ही भावना आणखी पक्की होत होती. धीर धरा, लोकांकडे लक्ष देऊ नका, असा उपदेश अशा माणसाला सगळेच करतात. मला तो अपुरा वाटतो. माप बरोबर आलं तर या साखळीतली एक कडी लगेच सुटते, आणि त्यासाठी धैर्य लागत नाही, कागद आणि पेन्सिल लागते.

कागद आला

नवरात्र संपल्यावर ते पुन्हा आले. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. रेघ सुबक होती, अंगठ्याशी दोनदा गिरवलेली. उजवा पाय 25.7 सेंटिमीटर, डावा 25.9, आणि दोन्ही पंजे रुंद.

मी त्यांना नंबरांचं गणित दाखवलं. पुरुष गिऱ्हाईक हमखास इथेच फसतं. आपल्याकडे बुटांवर दोन आकडे असतात. एक इंग्लिश, ज्यात प्रत्येक नंबरामागे पाव इंचाहून थोडं जास्त, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा वाढतो. साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. दुसरा युरोपियन, ज्यात दर आकड्याला पाऊण सेंटिमीटरहून थोडं कमी वाढतं. आता भारतातल्या बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात पुरुषांचा 7 म्हणजे 41, पण बायकांचा 7 म्हणजे 40. आकडा तोच, लांबी वेगळी. वर बायकांच्या सँडलचा फर्मा, म्हणजे ज्यावर ती घडवतात तो साचा, मुळातच पंजाला आणि टाचेला अरुंद. म्हणजे सातचा बूट घालणाऱ्या पुरुषाने बायकांच्यात निदान आठ, म्हणजे 41 बघायचा, आणि पंजा रुंद असेल तर पट्ट्याचा, पुढून उघडा नमुना घ्यायचा. बायकांचा माल बहुतेक ठिकाणी 36 ते 41 असतो. पुष्कळ दुकानांत 40 वरच संपतो.

ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पायात काही खोट नाही."

हे वाक्य ऐकून मला वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यांनी हा दोष स्वतःच्या शरीराला दिला होता. रुंद पंजा तर आपल्या देशात घरोघरी आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात 79 ठिकाणी लाखाहून जास्त लोकांचे पाय यंत्राने मोजले. भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा रुंद आहे, आणि रुंदी मिळावी म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घालत आले आहेत, असं त्यातून दिसलं. त्यावरून भारतीय मापांची 'भा' नावाची पद्धत ठरवण्याचं काम पुढे आलं. हे मी त्यांना सांगितलं, आणि समजूत घालण्याच्या स्वरात सांगितलं नाही. मालाची माहिती देताना बोलते तसंच बोलले.

थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, पाय माझाच आहे."

मी म्हटलं, "बरं. मग बसा, मोजा घाला, घालूनच बघू."

घालून बघणं

चपलांच्या दुकानात ट्रायल रूम नसते. सगळं उघड्यावर, आरशासमोर. आमच्या गोडाऊनच्या दाराशी एक बाक आहे, समोर बुटक्या पायांचा आरसा आहे, आणि रस्त्यावरून तो भाग दिसत नाही. मी बाहेरचं स्टूल आणि आतला बाक दोन्ही दाखवले आणि कुठे बसायचं ते त्यांना ठरवू दिलं. ते आत बसले. गिऱ्हाइकाला आडोसा हवा असेल तर तो मिळावा. पण दुकानदाराने आपणहून "तुम्ही इकडे मागे या" म्हटलं की त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला बरोबर कळतो. या बाबतीत माझं मत ठाम आहे.

त्यांना हवी होती पुढून बंद, टोकदार, बारीक टाचेची काळी बेली. मी ती दिली, पण पहिला जोड म्हणून घेऊ नका असंही सांगितलं. टाच जितकी उंच तितका अंगाचा भार पुढच्या पंजावर येतो आणि पाय पुढे घसरतो. पंजा रुंद आणि पुढची जागा निमुळती असली की सगळा दाब अंगठा आणि करंगळीवर येतो. आयुष्यभर सपाट बूट घातलेल्या पायाच्या पोटऱ्यांनाही सवय नसते. त्यांनी बेली घातली, उभे राहिले, आणि दोन पावलांत त्यांना पटलं.

मग 41 नंबरची, जाड चौकोनी टाचेची, घोट्याशी बक्कल असलेली सँडल आणली. पुढचा पट्टा रुंद, आणि त्यालाही सरकवायची सोय. बक्कल लावताना त्यांची बोटं थरथरत होती. दांडी भोकात जाईना. पोरगा मदतीला वाकणार होता, मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. त्यांनी स्वतः लावलं. उभे राहिले. टाच मागे नीट टेकली, बोटं पट्ट्याच्या आत राहिली, करंगळी मोकळी. मग ते चालले आणि फरशीवर टक टक असा आवाज झाला. त्या आवाजाने ते जागीच थांबले. आकड्याची, आरशाची, पोराच्या नजरेची तयारी त्यांनी केली असेल, पण आवाजाचा विचार केला नव्हता. घरी रात्री खालच्या मजल्यावर आई झोपते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यावर उपाय साधा आहे: टाचेची कडक टिप काढून मऊ रबराची बसवायची. आमच्या दुकानाबाहेर बसणारे मोचीकाका थोड्याच वेळात ते करून देतात. त्यांनी तसंच करून दिलं.

टिप बसेपर्यंत ते एकटेच बाहेरच्या स्टुलावर येऊन बसले, आणि बेल्टच्या दुसऱ्या एका जोडात पाय घालून बघायला लागले. तेवढ्यात दोन बायका दुकानात आल्या. एकीने बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि दुसरीकडे वळून हसली. त्यांनी ते पाहिलं. कान लाल झाले. अशा वेळी लोक काहीच बघत नाहीत असं सांगण्याची पद्धत आहे. लोक बघतात, आणि कधी हसतातही. त्या बायका मग गरब्याला घालून झिजलेल्या मोजडीच्या जागी नवी शोधायला लागल्या आणि भावावरून माझ्याशी वाद घालायला लागल्या. गृहस्थांनी पहिला पट्टा लावला होता, आता दुसरा लावला. जोड आवडला नाही म्हणून काढून ठेवला. इतकंच झालं. संकोच गेला नव्हता, पण त्याच्यासाठी ते उठून गेले नाहीत.

ते का घालतात हे मी विचारलेलं नाही. त्यांनी एवढं सांगितलं की रात्री जेवणं झाली, सगळे झोपले की तासभर घालतात, आणि बरं वाटतं. त्यापुढचं जाणून घेण्याचा मला हक्क नाही. मात्र या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला मला एक विचारावंसं वाटतं. याच बडोद्याच्या सयाजीरावांनी गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रय दिला. बालगंधर्वांच्या शालूची, दागिन्यांची, केसांच्या वळणाची नक्कल घरंदाज बायका करत. पुरुषाच्या अंगावरचं ते सौंदर्य आपल्या पणजोबांनी तिकीट काढून, डोळे भरून पाहिलं. आणि टाचेचं म्हणाल तर ती पुरुषांच्याच पायात आधी आली: इराणी घोडेस्वारांना रिकिबीत पाय पक्का रोवायला टाच लागे, आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे बूट मिरवत असे. मग एका शांत माणसाने स्वतःच्या घरात दोन इंचांची सँडल घातली तर त्याला चोरासारखं वाटावं, असं यात काय आहे?

दुकानात काय बदललं

पोरांना मी दोन गोष्टी सांगितल्या. "कोना माटे" हा प्रश्न बंद. त्या प्रश्नाने मालाबद्दल काहीच कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला खोटं बोलायला भाग पाडलं जातं. नंबर, रंग, टाच, रोज घालायची की कधीतरी, एवढं पुरतं. ज्यांना सांगायचं ते आपणहून सांगतात, बायको, आई, मुलगी, जे असेल ते.

दुसरी गोष्ट ओरडण्याची. आमच्या धंद्यात खालचा पोरगा माळ्यावरच्या पोराला हाका मारतो आणि वरून खोकी झेलतो. "लेडीजमां आठ नंबर, ब्लॅक!" असं भर दुकानात ओरडलं की समोर बसलेल्या पुरुषाला जमीन दुभंगली तर बरं असं होतं. आता फक्त आर्टिकल नंबर आणि युरोपियन आकडा: "चारसो बार, एकतालीस." ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि माळ्यावरच्याला जास्त नेमकं कळतं. सुरुवातीला पोरं कुरकुरली. एकाने हसून विचारलं, "काकी, हवे जेन्ट्स पण?" म्हणजे आता जेन्ट्सही का? मी त्याला म्हटलं, पाय आला की तो आपला गिऱ्हाईक, तो बसेल असा जोड काढणं हे तुझं काम. पोरगा चांगला आहे. पुढच्या वेळी त्या गृहस्थांचं माप त्यानेच घेतलं.

कागदाची युक्ती आम्ही सगळ्यांनाच सांगायला लागलो. आईसाठी चप्पल न्यायला येणाऱ्या मुलांना तिचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या म्हाताऱ्या बायकांना चप्पल चावतेय हे कळत नाही आणि जखम होऊन बसते. अशांच्या बाबतीत अंदाजाने नंबर नेणं धोक्याचंच.

बेचाळीसची गोष्ट

हा भाग धंद्याचा आहे, पण या प्रकरणातून थेट निघालेला. गृहस्थांना पुढे बंद बेली हवीच होती, आणि त्यांच्या पंजाला 41 पुरत नव्हता. 42 बाजारात का नसतो? कारखानदार माल सेटने देतो: 36 ते 41, मधले नंबर जास्त, टोकाचे एकेक. सुटा 42 कोणी देत नाही. त्याच्यासाठी वेगळा फर्मा लावावा लागतो. मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या एका कारागिराकडून आम्ही पूर्वीपासून माल घेतो. त्याला विचारलं तर तो म्हणाला, डझन घ्या, पंजा रुंद ठेवून करून देतो. एका गिऱ्हाइकासाठी डझन जोड म्हणजे पैसे अडकवणं. घरात विरोध झाला. मी तरी घेतले.

त्यातला एक जोड त्यांनी नेला. पत्नीही त्या दिवशी बरोबर होत्या, आणि त्यांनीच बेलीच्या आतून बोट फिरवून शिवण टोचत नाही ना ते पाहिलं. बाकीचे जोड दिवाळीच्या आधी संपले, आणि बहुतेक बायकांनीच नेले. उंच कॉलेजच्या मुली, बाळंतपणानंतर पाय एका नंबराने वाढलेल्या, व्हॉलीबॉल खेळणारी एक. त्यातल्या एका मुलीने 42 मागताना आवाज इतका खाली आणला होता की पोराला दोनदा विचारावं लागलं. आजवर ती भावाच्या मापाचे जेन्ट्स सँडल घालत होती. कारागिराला आता काळ्याबरोबर बेज रंगही सांगितला आहे.